समुद्राकडचा टप्पा

तुर्वोग, ११ जानेवारी

प्रिय सुन्निवा,

चौकशी अहवालाचा कच्चा मसुदा मलाही आला. एकशे बारा पानं, फोटो धरून. म्हणणं मांडायला तीस दिवस दिलेत, म्हणजे नऊ फेब्रुवारीपर्यंत. शेवटच्या पानावर एक रिकामी चौकट आहे. तिच्यात मी 'काही म्हणणं नाही' असं लिहून ठेवलंय. पाठवलेलं नाही अजून. तू काय लिहिणार आहेस ते कळलं असतं तर बरं झालं असतं.

तुझी आई म्हणते, पत्रं कसली लिहितोस, सरळ फोन कर. फोन तू उचलत नाहीस, हा एक भाग. दुसरा असा की फोनवर माणसाचा आवाजच जास्त बोलतो, आणि तुझे कान माझ्यावर गेलेत. कागदावर निदान खोडता येतं.

पान ऐंशीवर त्यांनी लिहिलंय, 'प्रमुख कारण : कॅप्टनने विमान ठरलेल्या खुणेच्या ऐंशी मीटर पुढे टेकवले.' हे असंच पक्कं झालं तर तुझी डावीकडची, कॅप्टनची खुर्ची गेली, हे मला कुणी समजावून सांगायला नको. आधीच दहा महिने तुला बोडोच्या कचेरीत वेळापत्रकं लावायला बसवलंय. वाचून वाईट वाटलं. एवढंच वाक्य लिहून मी दोनदा पेन खाली ठेवलं.

बाकी इकडे ठीक. धावपट्टीवरचा बर्फ झाडायचा नवा ब्रश आलाय, जुन्यापेक्षा हातभर रुंद. माझ्या हाताखालचा योस्टाइन त्याच्यावर इतका खूश आहे की बायकोला दाखवायला घेऊन आला होता. सहकारी दुकानात माग्नहिल्ड भेटली. चालायची चौकट ढकलत येते, खाली खिळे लावून घेतलेत बर्फासाठी. पावाच्या फळीपाशी मला अडवून म्हणाली, "अरे ओद्दमुंड, तुझी धावपट्टी माझ्या खुब्यापेक्षा बरी आहे ना?"

मी म्हटलं, "तुझा खुबा कसाय?"

"खुबा लोखंडाचा आहे. तुझी कशाची आहे ते तूच बघ." मग थोडी पुढे जाऊन वळली. "पोरीला सांग, माग्नहिल्ड तिच्या नावानं खडे फोडत नाही. चाळीस वर्षं मी गळांना आमिष लावलंय. कुणाचा हात थरथरतो आणि कुणाचा नाही, एवढं मला कळतं. मागं वळून तिनं आम्हाला 'डोकी खाली' म्हणून सांगितलं ना, तेव्हा तिचा आवाज थरथरत नव्हता."

तिनं सांगितलं म्हणून कळवतो.

तुझा,
बाबा


तुर्वोग, २१ जानेवारी

प्रिय सुन्निवा,

आज सूर्य आला, या हिवाळ्यात पहिल्यांदा. बारा वाजून दहा मिनिटांनी डोंगराच्या खाचेतून एक कड दिसली आणि गेली. शाळेतली पोरं बाहेर उभी राहून तोंडाला साखर फासत गोल गोड पाव खात होती. आम्ही धावपट्टीवर तिघांत चार खाल्ले. चौथा कुणी खाल्ला यावर योस्टाइन आणि टॉवरमधली वेंके अजून भांडताहेत.

तुझं उत्तर नाही. हरकत नाही. तू वाचतेस, असं धरून लिहितो.

मसुद्यात तीन मार्चचा, अपघाताचा दिवस सात पानांत मांडलाय. मी तो माझ्या बाजूनं एकदा सांगतो, म्हणजे आपल्या दोघांचं एका रांगेत येईल.

दोन दिवस विमान आलं नव्हतं. सकाळपासून ओला बर्फ पडत होता, हवा बरोबर शून्यावर. असं हवामान मला उणे वीसपेक्षा जड जातं. उणे विसात बर्फ बुटाखाली कुरकुरतो, त्याच्यावर पाय ठरतो. शून्यावर तो आवाजच करत नाही. एकला दहा मिनिटं कमी असताना मी पकड मोजायची मापगाडी फिरवली. पकड धावपट्टीच्या तिन्ही टप्प्यांत वाईट. चोवीस, तेवीस, बावीस. मग योस्टाइननं गरम पाण्यात कालवलेली वाळू टाकली. नेहमीचंच. गरम वाळू बर्फात रुतते, गोठते, आणि धावपट्टी पॉलिश-कागदासारखी खरखरीत होते.

एक बावीसला मी परत मोजायला धावपट्टीवर आत गेलो. एक सव्वीसला बाहेर आलो. चौतीस, तेहतीस, बत्तीस. मध्यम, मध्यम, मध्यम. मापगाडीचं छापयंत्र नाताळापासून बंद होतं, म्हणून आकडे हातानं लिहिले. ते नियमात बसतं, मसुद्यातही तसंच म्हटलंय.

मग वेंकेनं मला रेडिओवर हाक मारली. "सुन्निवा विचारतेय, ओद्दमुंड स्वतः आहे का तिथं?" टॉवरनं असं करायचं नसतं. पण या किनाऱ्यावरच्या सगळ्याच वैमानिकांना आकड्याबरोबर आकडा सांगणारा माणूसही ऐकायचा असतो, हे तुला मी काय सांगावं. मी म्हटलं, "तीन वेळा मध्यम." तू म्हणालीस, "मग येते."

एक एक्केचाळीसला टेकलीस. पंख्यांची पाती उलटी वळल्याचा आवाज आला, तो बरोबर होता. मधल्या टप्प्यापर्यंत तुझा वेग उतरत होता, मी गॅरेजच्या दारातून बघत होतो. मग आवाज तसाच राहिला, वेग उतरायचा थांबला आणि धावपट्टी संपली.

वाळूबद्दल मी एक कबूल करतो. शेवटच्या टप्प्यात ती चिकटली नव्हती. नंतर मी चालत गेलो तेव्हा ओल्या बर्फावर ती ताटात सांडलेल्या रव्यासारखी पडली होती. बुटानं सारली की सरकायची. हा आमचा दोष, तुझा नाही. हे मी समितीलाही सांगितलंय आणि पान चौसष्टवर ते आलंय.

दवाखान्याच्या बोळात तू मला एक प्रश्न विचारला होतास. त्याचं उत्तर मी तेव्हाच दिलंय.

तुझा,
बाबा


तुर्वोग, २८ जानेवारी

प्रिय सुन्निवा,

तुझं कार्ड आलं. एवढ्या मोठ्या कार्डावर एक ओळ. आईनं ते आधी वाचलं आणि म्हणाली, "हे काय विचारतेय ती तुला?"

'बाबा, मार्चमध्ये समुद्राकडच्या टोकाला मापगाडी वळवायला किती मिनिटं लागतात?'

काल दिवसभर मी उत्तर लिहिलं, चार तऱ्हांनी. एकात लिहिलं, बर्फ किती त्यावर अवलंबून. दुसऱ्यात लिहिलं, सवय असली की पटकन होतं. तिसरं आठवत नाही. चौथ्यात वाऱ्याबद्दल बरंच काही होतं. सगळी चुलीत गेली.

चार मिनिटं. कधी कधी साडेचार.

समितीला हे कळलं नाही, कारण ते जूनमध्ये आले होते. जूनमध्ये टोकाला नुसतं डांबर असतं, गाडी एका फेऱ्यात वळते. मार्चमध्ये तिथं पुरुषभर उंचीचा ढिगारा असतो, महिनोन्महिने आम्हीच ढकलत नेलेला. मागं मापगाडी जोडलेली, ती उलटी घेताना कात्रीसारखी दुमडते. पुढे-मागे, पुढे-मागे. तू सोळा वर्षांची असताना मी तुला तिथंच गाडी उलटी घ्यायला शिकवलं होतं आणि तू मापगाडी ढिगाऱ्यात घातली होतीस. म्हणूनच तुला हे विचारायचं सुचलं.

एक बावीसला आत, एक सव्वीसला बाहेर. नुसतं वळण्यातच तेवढा वेळ गेला असता. म्हणजे मी टोकाला गेलोच नव्हतो. मधल्या फाट्यावरून बाहेर पडलो.

पहिला टप्पा मोजला, मधला मोजला, समुद्राकडचा लिहिला.

सुरुवात कशी झाली ते सांगतो, सबब म्हणून नाही. अकरा वर्षांपूर्वी, कंत्राट नवं होतं तेव्हा, टोकाला वळताना मापगाडीचा दांडा वाकला आणि एक विमान पंचवीस मिनिटं वरच घिरट्या घालत राहिलं. त्यानंतर दोन आठवडे मी पडताळा घेतला. आधी अंदाज लिहायचा, मग मोजायचं. समुद्राकडचा टप्पा मधल्यापेक्षा एकानं कमी. दोन आठवडे जुळलं. मग मी मोजणं सोडलं. योस्टाइन आला, त्याला मीच शिकवलं, 'शेवटचा म्हणजे मधल्यातून एक वजा.' त्याला तो नियमच वाटला. विमानं मधल्या टप्प्यातच थांबायची, शेवटचा कुणाच्या चाकाखाली येतच नव्हता. हिवाळ्यात दोन-चार वेळा आला असेल, तेव्हा नशीब बरं होतं.

आणि त्या दिवशी अंदाज चुकण्यासारखा आहे, हे मला माहीत होतं. हे मात्र कुठल्याही पानावर नाही. योस्टाइन वाळू टाकत टोकाकडे चालला होता, तेव्हा रेडिओवर म्हणाला, "टाकीतलं पाणी कोमट झालंय रे, शेवटाला चिकटेल का नाही सांगता येत नाही." मी ऐकलं. मी सगळं ऐकतो, म्हणून तर माझं नाव आहे. पण दोन दिवस विमान आलं नव्हतं, डोक्यावर ढगांत फट पडली होती, तू वर होतीस, आणि वेंके दर दोन मिनिटांनी विचारत होती, झालं का. बत्तीस लिहून मी मोकळा झालो.

बोळात तू विचारलंस, "बाबा, शेवटचा टप्पा मोजला होता का?" माग्नहिल्डची खाट नुकतीच आपल्या समोरून गेली होती. मी म्हटलं, "मोजला." तू माझ्याकडे बघितलंस आणि मग आईकडे बघून बोलायला लागलीस. तेव्हापासून माझ्याशी नाही.

शेवटच्या पानावरच्या चौकटीतलं मी अजून काही पाठवलेलं नाही.

बाबा


तुर्वोग, १ फेब्रुवारी

प्रिय सुन्निवा,

आधी योस्टाइनला सांगणं भाग होतं. का ते मी मागच्या पत्रात लिहिलं नाही. त्यानं समितीला लिहून दिलंय की मापगाडीचा पिवळा दिवा त्याला समुद्राच्या टोकाला दिसला. त्यानं तो पाहिला नव्हता. अपघातानंतर तिसऱ्या दिवशी मी त्याला म्हटलं होतं, "तू वाळूच्या गाडीत होतास, तुला दिवा दिसला असेल." तो म्हणाला, "दिसला असेल." एवढ्यावर त्याचं निवेदन उभं आहे. मजकूरही मीच टाइप करून दिला.

तो गॅरेजमध्ये चाकाच्या साखळ्या तपासत होता. मी थर्मासमधून दोन कप कॉफी ओतली. माझ्या हातची कॉफी बघूनच तो सावध झाला.

"कोण मेलं?" म्हणाला.

मी सांगितलं. तो साखळीची कडी हातात धरून ऐकत राहिला.

"आता? अकरा महिन्यांनी?"

"नऊ तारखेच्या आत."

"आणि मी दिवा पाहिला त्याचं काय?"

"तू पाहिला नव्हतास."

"ते मला माहीत आहे रे. तुला माहीत आहे का, एवढंच बघत होतो." त्यानं कडी खाली टाकली. "अकरा वर्षं 'एक वजा, एक वजा' म्हणून तू माझ्या डोक्यात भरवलंस. मी माझ्या पोराला वजाबाकीसुद्धा तुझ्यासारखीच शिकवायला लागलो होतो. आणि आता हिशेब चुकला, तर दोघांचा?"

मी म्हटलं, "माझा. मी तसं लिहीन. तुला मीच भरीला घातलं, असं लिहीन."

"नको. माझ्या नावानं तू आणखी काही लिहू नकोस. मागच्या वेळी लिहिलंस, तेवढं पुरे झालं. माझं मी लिहीन." मग कॉफी प्यायला आणि तोंड वाकडं केलं. "ही कॉफी करून तू मोठा कसा झालास, देव जाणे."

तुझ्या आईला मी त्याच दुपारी सांगितलं. ती ताजा कॉड मासा साफ करत होती. तिनं ऐकून घेतलं, हात धुतले. म्हणाली, "बोळात ती तुला विचारत होती तेव्हा मी तिच्या शेजारी उभी होते. नंतर जिन्यात ती मला म्हणाली, आई, बाबा खरं बोलत नाहीत. आणि मी तिला म्हटलं, असं बोलू नये, तुझे बाबा मोजल्याशिवाय आकडा सांगत नाहीत."

मला हे माहीत नव्हतं.

जेवताना कॉड होता, काळीज आणि गाभोळीसकट. तिनं तिच्यापुरतं वाढून घेतलं आणि रेडिओ लावला. मी उठून माझं वाढून घेतलं. तसंच चाललंय.

समितीला सकाळी फोन केला. ब्राटली म्हणून एक बाई आहेत, मसुद्यावर त्यांचीच सही आहे. मी पाच मिनिटं बोललो. त्या म्हणाल्या, "हे तुम्ही लेखी द्याल?" मी म्हटलं, दिलंय, टपालात आहे. त्या म्हणाल्या, "मग मला तिथं यावं लागेल. बर्फ आहे का अजून?"

मी म्हटलं, पुरुषभर.

बाबा


तुर्वोग, ७ फेब्रुवारी

प्रिय सुन्निवा,

ब्राटलीबाई आल्या आणि गेल्या. पन्नाशीच्या असतील, चष्म्याला दोरी. जेवायला आमच्याकडे या म्हटलं, तर नाही म्हणाल्या. ते बरोबरच आहे.

पहिल्यांदा मला मापगाडी घेऊन टोकाला जायला लावलं. स्वतः शेजारी बसल्या, हातात घड्याळ. मी सगळी कला पणाला लावली. चार मिनिटं चाळीस सेकंद.

"याहून लवकर होईल?"

"माझ्या मुलीला एकदा लवकर करायचं होतं. दोन तास मापगाडी ढिगाऱ्यातून उकरत होतो."

त्या हसल्या नाहीत. लिहून घेतलं.

मग कचेरीत बसून त्यांनी जुन्या नोंदवह्या मागितल्या. सगळ्या अकरा वर्षांच्या. मी फळीवरून काढून दिल्या. त्या एका वहीवर बोट वरून खाली नेत गेल्या. मला त्यांचे ओठ हललेले दिसत होते. मधला एकेचाळीस, शेवटचा चाळीस. मधला एकोणतीस, शेवटचा अठ्ठावीस. पान उलटलं. मधला छत्तीस, शेवटचा पस्तीस. अकरा हिवाळे. मीच लिहिलेलं, पण रकाना असा उभा मी कधी वाचला नव्हता.

"निसर्ग इतका शिस्तीचा नसतो," त्या म्हणाल्या. मग चष्मा काढला. "हे आम्हाला दिसायला हवं होतं. आम्ही फक्त तीन मार्चचं पान घेऊन गेलो."

मी म्हटलं, "ते तुमच्या अहवालात येईल?"

"दोन्ही येईल. तुमचं आणि आमचं."

योस्टाइनला त्यांनी वेगळं बसवलं. अर्धा तास. बाहेर आला तो थेट ब्रशच्या गाडीत जाऊन बसला. मला म्हणाला, "खरं सांगायला खोट्यापेक्षा कमी वेळ लागतो. खोटं मागच्या वेळी दोन तास चाललं होतं."

आता तुझ्या कामाचं. जाताना त्यांनी मला तोंडी जे सांगितलं ते असं. शेवटचा टप्पा खरोखर मध्यम असता तर तुझे ऐंशी मीटर धरूनही विमान धावपट्टी संपायच्या पंचावन्न मीटर अलीकडे थांबलं असतं. प्रमुख कारण बदलेल. मोजलेलं नसताना दिलेला आकडा, असं त्यांना लिहावं लागेल. ऐंशी मीटर राहतील, पण दुसऱ्या ओळीत. ते ऐंशी मीटर तुझेच आहेत सुन्निवा, ते मी माझ्या अंगावर घेऊ शकत नाही आणि घेणारही नाही. माझं जे आहे तेच मला भरपूर आहे.

विमानतळाच्या मुख्य कचेरीतून काल फोन होता. एक मार्चपासून मापगाडीला मी हात लावायचा नाही. कंत्राट हंगामाअखेर संपेल, पुन्हा मला मिळणार नाही. तोवर दुसरा माणूस मिळेपर्यंत, म्हणजे महिनाअखेरपर्यंत, मीच मोजायचं आहे, पण वेंकेनं खिडकीतून बघून प्रत्येक वेळी सही करायची. वेंके सही करते आणि माझ्याकडे बघत नाही. योस्टाइनचं अजून ठरायचंय. मी त्याच्याबद्दल एक कागद दिलाय. त्याला सांगितलं नाही, नाहीतर तो म्हणेल परत लिहिलंस.

सतरा वर्षांचा असताना उधार ट्रॅक्टरवर मी या गावचं पहिलं अंगण साफ केलं होतं. तीन गाड्या, दोन माणसं, विमानतळ, हे सगळं त्यानंतर हातानं जमवलेलं. ते जाण्याचं वाईट वाटतं, खोटं कशाला सांगू. पण रात्री झोप लागते. अकरा महिन्यांत नीट लागली नव्हती, आणि ते मी वयावर ढकलत होतो.

गावात कळलंय. काही लोक दुकानात माझ्याशी जास्तच गोड बोलतात. माग्नहिल्ड चार-पाच दिवस बोललीच नाही. काल बोलली, ते तुला सांगण्यासारखं नाही, पण मला ऐकण्यासारखं होतं.

बाबा


तुर्वोग, १७ फेब्रुवारी

प्रिय सुन्निवा,

आईकडून कळलं, कंपनीनं तुला मार्चमध्ये परीक्षेच्या उड्डाणाला बोलावलंय. डावीकडच्या खुर्चीतून. आईनं फोन ठेवला आणि मला सांगायला ती गॅरेजपर्यंत चालत आली. निरोप फोनवर देता आला असता. ती आली. रात्री जेवणाच्या ताटल्या तिनं दोन काढल्या.

तू तिला आणखी एक विचारलंस म्हणे, बाबा अजून मोजतात का. मोजतो, महिनाअखेरपर्यंत. तिन्ही टप्पे. टॉवर ओरडला तरी टोकाला जातो. दोन विमानं वर थांबवून ठेवली या आठवड्यात. एका वैमानिकानं वेंकेला विचारलं, ओद्दमुंड म्हातारा झाला का.

मला तुझ्याकडून काही नको, उत्तरसुद्धा नको. कार्डावरची ती एक ओळ पाठवलीस, तेवढं पुष्कळ होतं. तू समितीलाच सरळ विचारू शकली असतीस, की टोकाला वळायला किती वेळ लागतो ते तपासा. ते तुझ्या हातात होतं, आणि तुझी खुर्ची त्यावर होती. तू मला विचारलंस. हे मला समजायला तीन आठवडे लागले.

तुझा,
बाबा

त्याच दिवशी, दुपारी

पाकीट फोडून खाली हे लिहितोय. सकाळी ते टपालाच्या पिशवीत टाकलं होतं, दुपारच्या विमानानं जाण्यासाठी. साडेअकरापासून ओला बर्फ, हवा शून्यावर, वारा समुद्राकडून. योस्टाइननं वाळू टाकली, दोनदा पाणी तापवून. मी मोजलं. पस्तीस. चौतीस. मग टोकापर्यंत गेलो, आणि तिथं एकोणीस.

वेंके म्हणाली, "कॅप्टन विचारतोय, तू स्वतः मोजलंस का?"

मी म्हटलं, "तिन्ही. मध्यम, मध्यम, वाईट."

मग खाडीवरून इंजिनांचा आवाज उजवीकडे झुकला, जड झाला आणि विमान न उतरताच ट्रोम्सोकडे गेलं. आवाज पूर्ण जाईपर्यंत मी ऐकत उभा होतो.

विमानतळावर अकरा माणसं बॅगा घेऊन बसली होती. त्यात माग्नहिल्ड. उद्या सकाळी तिच्या खुब्याची तपासणी होती, चार महिने नंबर लागत नव्हता. मी स्वतः आत जाऊन सांगितलं. बाकीचे फोन काढून बोलायला लागले. ती माझ्याकडे बघत राहिली.

"वाईट म्हणजे किती?"

"एकोणीस."

"आणि आधीसारखं असतं तर काय लिहिलं असतंस?"

"तेहतीस."

तिनं कोटाची बटणं सोडली, एक एक करत, खालून वर. कोट काढून बॅगेवर ठेवला.

"मग बस इथं," ती म्हणाली. "दवाखान्याला फोन लाव आणि तूच सांग त्यांना, मी का येत नाही."

मी लावला. सांगितलं. पलीकडच्या पोरीनं नाव विचारलं, मी माझं नाव सांगितलं. पुढची तारीख एप्रिलची मिळाली.

पिशवी परत टपालकचेरीत आलीये, तिथूनच हे पाकीट मागून घेतलं. उद्या वारा फिरला तर जाईल. नाहीतर परवा.